रुमालाखाली

टोलेडो, ओहायो. जानेवारीची एकतीस.
शोरूमच्या दारात तो हवेनं फुगवलेला लांब माणूस
वाकतो, उठतो, पुन्हा वाकतो,
या थंडीत त्याच्या अंगावर फक्त लाल रंग.

डॅरेल नोवाकनं माझं नाव तीनदा विचारलं.
वैजयंता. चौथ्यांदा त्यानं ‘व्ही’वर भागवलं.
कॉफी दिली. मुलं किती, ते विचारलं.
मग कोऱ्या कागदावर चार चौकोन आखले
आणि पेन टेकवलं शेवटच्या चौकोनावर.
“महिन्याला किती जमेल, व्ही?”
मी म्हटलं, एकूण किती?
“अगदी बरोबर. पण महिन्याला?”
एकूण.
“समजा, चारशे?”
समजा, एकूण.

माझ्या जुन्या करोलाची किल्ली
“नुसती नजर टाकायला” नेली, त्याला पाऊण तास झाला.
दावं नाही, खुंटा नाही,
तरी मी बांधलेली.

आबा दलाल होते, बेल्ह्याच्या बैलबाजारात.
हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची.
वर दोन्ही तोंडं दगडाची,
भाव सगळा खाली, पेरापेरात.
नऊ वर्षांची होते, तेव्हा एकदा माझाच हात घेतला रुमालाखाली,
करंगळी दाबून म्हणाले,
तोंडाचं ऐकू नको. घाम बोटाला येतो.

डॅरेल “साहेबांशी भांडायला” काचेच्या केबिनमध्ये गेला.
ह्यांचा रुमाल काचेचा.
मला सगळं दिसतं:
साहेब सँडविच खातोय, माझ्याकडे बघतही नाही.
भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर नावं, नावांपुढे रेघा.
कुणाच्या अकरा, कुणाच्या नऊ,
नोवाकपुढे चार.
साहेबाचं बोट त्या चारांवर येऊन थांबतं.
डॅरेल बुटांकडे बघतो.

परत आला तो हसत, कपाळ पुसत.
“तुझ्यासाठी जीव टाकला, व्ही.”
कागदावर आता नवीन ओळी होत्या:
गंजू नये म्हणून लेप, बाराशे.
टायरमध्ये नायट्रोजन, दोनशे.
सीटवर काहीतरी फवारलेलं, जे दिसत नाही, साडेचारशे.

मला हसू यायला हवं होतं.
पण आठवला तो जुळलेला बैल,
ज्याची शिंगं आबांनी काचेनं तासली,
हिंगूळ लावला, अंगाला तेल चोळलं,
आणि सहादाती म्हणून ओतूरच्या एका माणसाला दिला.
तो माणूस चार दिवसांनी आमच्या पायरीवर येऊन बसला.
भांडला नाही. पाणी मागितलं.
म्हणाला, दलाल, दात तुम्हीच मोजले होते ना?
आबा म्हणाले, मोजले होते.
त्या दलालीतून मला दप्तर आलं होतं,
निळं, दोन बकलांचं.

मी उठले. कोट घातला. किल्ली मागितली.
किल्ली लगेच सापडली. त्याच्याच खिशात.

पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडत होते,
तर तो पळत आला, कोटाशिवाय,
हातात कागद, कागदावर एकच आकडा.
चौकोन नाही. लेप नाही. नायट्रोजन नाही.
पावती, कर, नंबरप्लेट धरून एकूण.
घरून ठरवून निघाले होते, त्याहून तीनशे वर.

“ही पाचवी, व्ही,” तो म्हणाला,
आणि लगेच, बोलायला नको होतं असा गप्प झाला.
त्यानं हात पुढे केला. मी धरला.
वाऱ्यानं माझ्या मफलरचं टोक उडून
दोघांच्या हातांवर पडलं,
आणि काय झालं कुणास ठाऊक,
माझ्या बोटांनी आपसूक त्याची तीन बोटं दाबली.
एकदा. पुन्हा एकदा, सावकाश.

त्याची बोटं घामेजलेली होती, शून्याखालच्या थंडीत.

त्याला वाटलं, मी गारठलेय.
म्हणाला, सीट गरम होते हिची.
त्याचे वेगळे पैसे नाहीत.